रूलेबेनची बाग

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा इतिहासावर काही लिहावे, असे मला सांगण्यात आले. लढायांचा आणि राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी आपली मातीचा, वाफ्यांचा आणि मुळ्याच्या बियांचा इतिहास सांगते. हकीकत दूरच्या थंड मुलखातली आहे, पण वाचणाऱ्या भगिनींना ती परकी वाटणार नाही अशी आशा आहे.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. त्या वेळी कितीतरी इंग्रज माणसे जर्मनीत पोटापाण्यासाठी किंवा शिक्षणासाठी राहत होती. कुणी व्यापारी, कुणी संगीत शिकणारे विद्यार्थी, कुणी शर्यतीचे जॉकी, तर कुणी बंदरात अडकलेल्या बोटींवरचे खलाशी. ही माणसे काही सैनिक नव्हती. तरीही 6 नोव्हेंबर 1914 पासून जर्मन सरकारने 17 ते 55 वयाच्या अशा पुरुषांना धरले आणि बर्लिन शहराच्या पश्चिमेला, रूलेबेन या गावी, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेऊन कोंडले. एका वेळी चार हजारांच्या वर माणसे तिथे होती. राहायला घोड्यांचे तबेले! जिथे एक घोडा बांधायचे, त्या ठाणात सहा सहा माणसे निजत असत. जर्मन भाषेत ‘रूए’ म्हणजे शांतता आणि ‘लेबेन’ म्हणजे जगणे. तेव्हा रूलेबेन म्हणजे शांतपणे जगण्याचे ठिकाण! नशिबाने याहून मोठी थट्टा ती कोणती करावी?

तिकडची थंडी आपल्यासारखी शाल पांघरून भागणारी नसते. डिसेंबरात बर्लिनचा दिवस आठ तासांचाही नसतो. माती गोठून दगडासारखी होते. वसंत येतो तोही अडखळत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री हिमाचा धाक असतो. 11 ते 15 मे या दिवसांना तिकडचे लोक ‘बर्फाचे संत’ म्हणतात आणि ते संत गेल्याखेरीज नाजूक रोप उघड्यावर लावू नये, असे जुने माळी सांगतात. आपण मृगाची वाट पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

पण कैद्यांना थंडीहून अधिक जाच होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. साध्या गुन्हेगाराला न्यायाधीश सांगतो, तुला इतके महिने. मग तो भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो. या लोकांना मोजायला काहीच नव्हते. युद्ध कधी संपेल, हे कुणीच सांगू शकत नव्हते. ॲडॉल्फ फिशर नावाच्या एका स्विस डॉक्टरांनी युद्धकैद्यांच्या छावण्या पाहून 1918 साली एक पुस्तक लिहिले आणि तिथल्या दुखण्याला ‘काटेरी तारेचा आजार’ असे नाव दिले. माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो, कशात मन लागत नाही, शेजाऱ्याचा संशय येतो. कैद किती दिवसांची हे ठाऊक नसणे आणि घटकाभर एकटे राहायला न मिळणे, ही त्याची मोठी कारणे त्यांनी सांगितली.

रूलेबेनच्या काही जणांनी आपल्या बराकींच्या कडेला फुलांचे लहान वाफे केले होते. पुढे 1916 साली त्यांनी चक्क एक मंडळ काढले. नाव ठेवले रूलेबेन हॉर्टिकल्चरल सोसायटी. लंडनला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून 1804 साली स्थापन झालेली मोठी संस्था आहे. कैद्यांनी तिला पत्र घातले, की आम्हाला तुमच्यात सामील करून घ्या आणि बियाणे पाठवा. संस्थेने त्यांना सामील करून घेतले आणि बियाणे व फुलझाडांचे कंद पाठवले. शत्रूच्या देशात, ऐन युद्धात, बियांच्या पुड्या जाऊन पोहोचल्या! सभासद वाढत वाढत नऊशेंच्या वर गेले. फुलांची प्रदर्शने भरू लागली. 1917 साली तर शर्यतीच्या मैदानाचा काही भाग भाड्याने मिळवून त्यांनी मोठा भाजीमळा केला. त्याआधीच्या हिवाळ्यात जर्मनीत अन्नाचे इतके हाल झाले होते, की लोक त्याला सलगमचा हिवाळा म्हणत. अशा दिवसांत ताजे सलाड आणि मुळे ताटात येणे ही केवढी गोष्ट!

परंतु मला वाटते, पोटाला मिळाले त्याहून अधिक मनाला मिळाले. कैद्याने बी पेरणे ही सोपी गोष्ट नाही. पेरायचे म्हणजे मनाशी कबूल करायचे, की हे उगवेल तेव्हाही मी कदाचित इथेच असेन. फुलांचे कंद तर शरद ऋतूत पुरायचे आणि फुले वसंतात पाहायची, म्हणजे मधला सगळा हिवाळा इथेच काढायची तयारी ठेवायची. ‘उद्या सुटू, परवा सुटू’ म्हणत दाराकडे डोळे लावून बसणाऱ्याला हे जमत नाही. ज्यांनी जमवले, त्यांना त्याबद्दल एक वस्तू मिळाली, ती म्हणजे तारीख. सुटकेची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, पण मुळ्याची ठाऊक होती. पेरल्यापासून सुमारे चार आठवडे! ज्यांच्याजवळ मोजण्यासारखे काही नव्हते, त्यांना आता मोजायला काहीतरी मिळाले.

याच छावणीत जॉन डेव्हिडसन केचम हा कॅनडाचा संगीताचा विद्यार्थी अडकला होता. तो पुढे मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने रूलेबेनवर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1965 साली, प्रसिद्ध झाले. कोंडलेल्या माणसांनी शाळा, नाटके, वाचनालय असा संसारच कसा उभा केला, ते त्यात आहे. बाग हा त्याच संसाराचा एक भाग. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबले आणि माणसे आपापल्या घरी गेली. वाफे मागे राहिले.

भगिनींनो, आपल्याभोवती काटेरी तार नाही. पण केव्हा संपेल ते ठाऊक नाही, अशी वाट आपणही पाहतो. कुणाचा मुलगा नोकरीच्या शोधात असतो, कुणाच्या मुलीचे जमत नसते, कुणाच्या घरी आजारपण असते. माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांना विचारले, की ते नुसते वर बोट दाखवायचे. त्या दिवसांत मी गॅलरीत जुन्या पत्र्याच्या डब्यात धणे रगडून टाकत असे. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसले, की डबा उचलून सासूबाईंना दाखवायचा. मग त्याही विचारू लागल्या, “काय ग, आले का वर?” दुखणे काही हटले नाही, पण घरात बोलायला दुसरा एक विषय झाला. रूलेबेनची हकीकत मुलीने वाचून दाखवली, तेव्हा मला तो डबा आठवला.

म्हणून एक सूचना करते. मंडळाच्या पुढच्या सभेला प्रत्येकीने घरच्या बियांची एक पुडी आणावी. मेथी, धणे, झेंडू, काहीही चालेल. आपसात वाटून घेऊ. आणि जी भगिनी घरच्या अडचणीमुळे सभेला येऊ शकत नाही, तिच्याकडे पुडी घेऊन आपण स्वतः जाऊ.