जुनं घड्याळ सर्व्हिसिंगला देताय? कोणता पार्ट बदलायचा, कोणता जपायचा?

आजोबांचं एचएमटी 'जनता' असो किंवा घरात जपून ठेवलेलं ओमेगा, चावीचं घड्याळ बंद पडलं की दुकानात हमखास विचारतात, "सगळंच नवीन करून देऊ का?" लगेच हो म्हणू नका. काही पार्ट बदलावेच लागतात, पण काही एकदा गेले की परत मिळत नाहीत.

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे: आत झिजतं ते बदला, बाहेर दिसतं ते जपा.

आधी सफाई

बऱ्याच वेळा तुटलेलं काहीच नसतं, फक्त आतलं तेल सुकलेलं असतं. अशा वेळी मशीन खोलून, धुऊन, नवीन तेल दिलं की काम होतं. सुकलेल्या तेलावर घड्याळ तसंच चालवत राहिलात, तर मात्र पार्ट झिजतात.

बिनधास्त बदला

- मेनस्प्रिंग: घड्याळाची बॅटरीच समजा. पूर्ण चावी देऊनही घड्याळ लवकर थांबत असेल, तर ती थकलेली असू शकते.
- गास्केट: पाणी अडवणारी रबरी रिंग. रबर कडक झालं की ओल आत शिरते. आपल्या धानोरा-गडचिरोलीकडच्या पावसाळ्यात हा खर्च टाळू नका.
- तडा गेलेली काच: जुन्या घड्याळांत बहुधा ॲक्रिलिक असतं. नुसते बारीक चरे असतील तर ते पॉलिशने जातात, काच बदलायची गरज नसते.

शक्यतो हात लावू नका

- डायल आणि काटे: डायल पिवळी पडली तरी तीच ओरिजिनल असते. रोलेक्स, ओमेगासारख्या घड्याळांत जुन्या ओरिजिनल डायलमुळे किमतीत मोठा फरक पडतो. कंपनीच्या सर्व्हिसमध्येही डायल-काटे बदलले जाऊ शकतात, म्हणून आधीच विचारा.
- केस: पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. कडा एकदा गोल झाल्या की झाल्या.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जुन्या एचएमटी आणि सेको घड्याळांवर नवीन रंगवलेली डायल बसवून ती ऑनलाइन विकली जातात. जगभरातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही! एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आता पार्ट बहुतेक जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो.

सावधान: १९६० च्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरायचे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, कारण रेडियमचं अर्धआयुष्य साधारण १,६०० वर्षं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका.

देण्याआधी मोबाईल काढा

१. डायल, काटे, चावीचं बटण, मागचं झाकण आणि नंबर यांचे जवळून फोटो घ्या. घड्याळ नागपूर-मुंबईला पाठवणार असाल, तर हाच तुमचा पुरावा.

२. घड्याळ चालू असेल तर टाइमग्राफर ॲप वापरा. ते माइकने टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं ते दाखवतं. 'जनता'ची टिकटिक सेकंदाला ५ वेळा होते. सर्व्हिसिंगनंतर पुन्हा मोजा, फरक कळेल.

३. बिलावर लिहून घ्या: "डायल, काटे बदलू नये. पॉलिश करू नये. काढलेले जुने पार्ट परत द्यावेत."

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. झिजलेलं चावीचं बटण बदलावं लागलं तरी जुनं बटण डबीत ठेवा. नवीन पार्ट पुढे पुन्हा काढता येतो, पण आजोबांच्या हातावरची ती डायल एकदा भंगारात गेली की विषय संपला.