उड्डाणापूर्वीची पाच मिनिटे

यंत्र बिघडले की लोक यंत्राला दोष देतात. फार झाले तर चालविणाऱ्याला. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते पाहावयास कोणाला वेळ दिला होता काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज केळी-कपाशीवर फिरणाऱ्या ड्रोनच्या निमित्ताने आम्ही तेच विचारणार आहोत. आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

नशिराबादच्या शेजारी भुसावळ जंक्शन आहे. गाडी निघण्यापूर्वी चाकांवर हातोडी मारून नादावरून भेग ओळखणारा कामगार रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. नाद बद्द आला की डबा बाजूला. मग गाडी खोळंबली तरी चालेल. तपासणी ही कोणाची मर्जी नव्हती. तो कामाचाच भाग होता.

विमानविद्येने हा धडा रक्त सांडून घेतला. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे चार इंजिनांचे नवे विमान उडताच कोसळले; त्यात दोघांचा अंत झाला. इंजिने ठीक होती, वैमानिकही कसलेला होता. विमान जमिनीवर उभे असताना सुकाणूंना लावलेला अडसर काढावयाचा राहिला होता. त्यानंतर उड्डाणापूर्वी वाचावयाची यादी वैमानिकांनी तयार केली. कसबी माणसाचीही स्मृती चुकते, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. वजनाने हलकी, शक्तीने मोठी. 2013 च्या जानेवारीत बॉस्टन येथे उभ्या असलेल्या बोइंग 787 विमानात तिने पेट घेतला. नऊ दिवसांनी जपानात याच जातीचे दुसरे विमान तातडीने उतरवावे लागले, आणि जगभरची अशी विमाने, एअर इंडियाचीसुद्धा, जमिनीवर रोखण्यात आली. बॉस्टनच्या चौकशीत बॅटरीच्या एका घटात, म्हणजे सेलमध्ये, आतल्या आत शॉर्टसर्किट झाल्याचे आढळले. एक घट तापला की तो शेजारच्यास तापवितो.

फवारणीच्या ड्रोनचे संकट आणखी निराळे. त्याला तरंगत उतरावयास पंख नाहीत. वीज संपली की तो दगडासारखा पडतो. जुन्या बॅटरीचे व्होल्ट जमिनीवर पुरेसे दिसतात, पण भरली टाकी उचलताना एकाएकी घसरतात. त्यात खानदेशचे ऊन. म्हणून बॅटरी फुगली आहे काय, हाताला गरम लागते काय, सर्व घटांचे व्होल्ट सारखे आहेत काय, जोडणीची टोके काळवंडली नाहीत ना, पाती घट्ट आहेत ना, हे पाहणे आलेच. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. तापलेली बॅटरी निवल्यावाचून चार्जिंगला लावू नये.

ड्रोनला आमचा विरोध नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा तो पंप उतरत असेल तर आम्हांस आनंदच आहे. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 15,000 महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, हेही चांगलेच. पण फवारणीचे पैसे एकरावर मिळतात. बॅटरी निवण्याची वाट पाहावी तर एकर कमी भरतात; आभाळ दाटले की मालक बांधावरून घाई करतो. अशा वेळी यादी खिशातच राहते.

म्हणून ती पाच मिनिटे मजुरीत धरली पाहिजेत, आणि ‘आज उडवावयाचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ड्रोन चालविणाऱ्या बाईच्या हाती असला पाहिजे. हातोडीवाल्याच्या शब्दावर डबा बाजूला निघत असे. शेताच्या बांधावरही तोच शिरस्ता पडावा, एवढेच आमचे मागणे आहे.