गोष्ट आणि तात्पर्य

‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे कीं, तिच्या मुळाशीं इसापाची ग्रीक कथा आहे हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. लहान मुलास ती समजावून देण्यासाठीं ‘लक्षणा’ या शब्दाची गरज पडत नाहीं. उंच वेल, उड्या मारून थकलेला कोल्हा आणि जातां जातां त्यानें द्राक्षांस ठेवलेलें नांव, एवढें सांगितलें कीं पुरे. दुसऱ्या दिवशीं खेळांत हरून रुसलेल्या भावंडास मूल तीच म्हण ऐकवितें. शब्द एक आणि अर्थ दुसरा, हें भाषेचें पहिलें रहस्य त्यास गोष्टींतूनच उमगतें.

ही युक्ति फार जुनी आहे. पंचतंत्रांतील विष्णुशर्मा तीन जडबुद्धि राजपुत्रांस सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविण्याची प्रतिज्ञा करतो आणि पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगून ती पुरी करतो. तेराव्या शतकांत केसोबासांनीं चक्रधरांचे दृष्टांत संकलित केले. त्या दृष्टांतपाठांत आधीं सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटीं त्या दोहोंचा मेळ घालणारें दार्ष्टांतिक असा क्रम आहे. पुढें मराठी छपाईच्या आरंभींच, १८०६ मध्यें, तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें इसापाच्या कथा मराठींत छापल्या गेल्या. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ मध्यें प्रसिद्ध झाली.

परंतु या मार्गावर एक मोठा आक्षेपही घेतला गेला आहे. फ्रेंच कवि ला फोंतेन यानें १६६८ मध्यें आपल्या नीतिकथा चौदाव्या लुईच्या सहा वर्षांच्या पुत्रास अर्पण केल्या. रूसोनें १७६२ मधील ‘एमिल’ या ग्रंथांत त्यांतीलच कावळा व कोल्हा यांची कथा ओळीओळीनें तपासली. मुलांस यांतील भाषा समजत नाहीं आणि जें समजतें तें भलतेंच. तीं फसलेल्या कावळ्यास हसतात व लबाड कोल्ह्यावर लुब्ध होतात, असें त्याचें म्हणणें.

आम्हांस हा आक्षेप अर्धा खरा वाटतो. मूल गोष्ट आपल्याच दृष्टीनें पाहतें, यांत शंका नाहीं. पण त्यावर उपाय गोष्टी बंद करणें हा नव्हे. दोष बहुधा आमच्या घाईचा असतो. गोष्ट संपते न संपते तोंच आम्ही ‘तात्पर्य काय?’ म्हणून विचारतों, आणि मूल पाठ केलेलें वाक्य म्हणून मोकळें होतें. अर्थ वडिलांकडून आयता घ्यावयाचा असतो, एवढाच धडा मग तें शिकतें. आधीं सूत्र सांगण्याचा क्रम चक्रधरांच्या प्रौढ शिष्यांस शोभला. बालकांसाठीं तो उलटाच हवा. आधीं गोष्ट, मग थोडी उसंत. मूल कोल्ह्याचा पक्ष घेऊं लागलें तर रागावूं नये. ‘तूं कावळा असतास तर?’ एवढेंच विचारावें. उत्तर येण्यास कदाचित् चार दिवस लागतील. पण कोणी गोड बोलून त्याच्या हातचा लाडू लांबवील, त्या दिवशीं तें आपण होऊन कोल्ह्याचें नांव घेईल. तेंच खरें तात्पर्य होय.