ट्रायकोडर्मा : पन्नास वर्षे बाजूला पडलेला शोध

वाफ्यातील मिरची-टोमॅटोची रोपे संध्याकाळी टवटवीत दिसतात आणि सकाळी माना टाकतात. या ‘रोपे कोलमडण्या’मागील एक प्रमुख बुरशी, रायझोक्टोनिया सोलानी, जर्मन शास्त्रज्ञ युलियुस क्यून यांनी १८५८ मध्ये बटाट्यावर नोंदवली. तिचा वैरी त्याच मातीत नांदत होता. त्याचे ट्रायकोडर्मा हे नावही १७९४ पासून रूढ होते; पण दोघांचे वैर उघड व्हायला १९३२ साल उजाडावे लागले.

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रात रिचर्ड वाइंडलिंग सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. ट्रायकोडर्माचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंभोवती वेटोळे घालत आणि शत्रूचा जीवरस आटत जाई. पुढे त्यांना या बुरशीचे विषही सापडले. १९३६ मध्ये एमर्सन यांच्यासह त्यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले, तेच ग्लायोटॉक्सिन. (वाइंडलिंग यांची विषारी बुरशी कोणती, याची ओळख मात्र नंतर दोनदा बदलली. बुरश्यांचे नामकरण हा एक स्वतंत्र इतिहासच आहे!) फॉसेट यांच्यासोबत त्यांनी रोपांवर प्रयोगही केले.

एवढे हाती असून शेतात काय पोहोचले? जवळजवळ काहीच नाही. महायुद्धानंतर रसायनांचा काळ आला. प्लास्टिकखाली मिथाइल ब्रोमाइड वायू सोडला की मातीतील शत्रू मरत, आणि मित्रही. जिवंत बुरशी पोसण्याच्या कटकटीपेक्षा हे सोपे होते. मला तरी विस्मरणाचे मुख्य कारण हेच वाटते.

१९८० मध्ये इस्राएलच्या एलाद, हेत आणि कातान यांनी गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेला ट्रायकोडर्मा मातीत मिसळला. घेवडा, कापूस आणि टोमॅटो यांच्या शेतांतील रोग लक्षणीय घटला. नुसत्या बीजाणूंच्या द्रावणापेक्षा कोंड्यावरची बुरशी सरस ठरली. रिकाम्या पोटी सैन्य लढत नाही, हे बुरशीलाही लागू पडते.

पुढे दिसले की ही बुरशी मुळांच्या बाह्य थरांत वस्ती करते आणि वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागवते. दरम्यान मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करत असल्याचे सिद्ध झाले. १९९२ मध्ये ते माँट्रियल कराराच्या कक्षेत आले आणि विकसित देशांत २००५ पर्यंत, काही अपवाद वगळता, बंद झाले.

आज महाराष्ट्रातील शेतकरी कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतो, ते ओलसर ठेवतो आणि मग वाफ्यात टाकतो. कोंड्याच्या जागी शेणखत आले, एवढाच फरक.