नटवर्य केशवराव दाते : दोन भाषांच्या पडद्यावर

चरित्रनट हा शब्द आपल्याकडे थोड्या उपेक्षेनेच उच्चारला जातो. नायिकेचा बाप, गावचा पाटील, म्हातारा वकील, एवढीच त्याची ओळख. केशवराव दाते यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ही समजूत किती उथळ आहे ते कळते.

१८८९ साली जन्मलेले केशवराव महाराष्ट्र नाटक मंडळीत घडले. आरंभी स्त्रीभूमिका वाट्याला आल्या. ही मंडळी गद्य नाटकांची. पदांचा आधार नाही, नटाला शब्दावरच उभे राहावे लागे. पुढे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्याचे दिग्दर्शन केशवरावांनीच केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. स्वतः लुगडे नेसून उभ्या राहिलेल्या नटाने हे घडवावे, यातला न्याय आम्हांस मोठा वाटतो.

१९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये मराठीतला राजगुरू केशवरावांचा, हिंदीतला चंद्रमोहनचा. चंद्रमोहनचे डोळे साऱ्या हिंदुस्थानने लक्षात ठेवले. केशवरावांचा राजगुरू मराठी मुलखापुरता राहिला. १९३७ च्या 'कुंकू'त मात्र तसे झाले नाही. 'दुनिया न माने' या हिंदी आवृत्तीतही म्हातारा वकील तेच होते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचे हे कथानक. शांता आपटे यांची नीरा त्या विवाहाला नकार देते आणि प्रेक्षक साहजिकच तिच्या बाजूचा होतो. तरीही काकासाहेबांचा तिरस्कार त्याला करता येत नाही. अपराध्याला माफी न देता त्याचे दुःख दाखवणे, ही अभिनयातली फार अवघड गोष्ट. पार्श्वसंगीत नसलेल्या त्या चित्रपटात घड्याळाच्या ठोक्यांतून त्या माणसाचे वय ऐकू येते. केशवराव तेव्हा पन्नाशीलाही पोहोचले नव्हते.

१९४१ चा 'शेजारी' आम्हा बऱ्हाणपूर-बहादरपूरच्या मराठी घरांना अधिक जवळचा वाटावा. येथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, त्यामुळे अशा शेजाराची आम्हांस नवलाई नाही. चित्रपटात जिवबा पाटील केशवरावांचा, मिर्झा गजानन जहागीरदारांचा. दोन म्हाताऱ्यांचे सख्य, धरणावरून पडलेले वितुष्ट आणि धरण फुटताना दोघांना एकत्रच आलेला मृत्यू. हिंदी 'पडोसी'त मिर्झा जहागीरदारांचाच राहिला, पण हिंदू ठाकूर मजहर खानांनी केला. शांतारामांची ही योजना शहाणपणाची होतीच. तिच्यामुळे केशवरावांचा जिवबा मात्र पुन्हा मराठीतच थांबला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आमची मुले हिंदी मध्य प्रदेशातच वाढली. त्यांना केशवराव भेटले ते बहुधा 'झनक झनक पायल बाजे'चे (१९५५) कठोर मंगल महाराज म्हणून, किंवा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'तले (१९४६) डॉक्टरांचे वडील म्हणून. दोन्ही भूमिका बापाच्या, दोन्ही नेटक्या. पण जिवबाचा मोकळेपणा त्यांत नाही. १९७१ साली केशवराव गेले. आमच्या घरांतल्या ज्या थोड्या वृद्धांनी 'शेजारी' मराठीत पाहिला होता, ते त्यांचे नाव निघाले की जिवबाविषयीच बोलत. मंगल महाराजांची आठवण त्यांना करून द्यावी लागे.