क्यूबेकमधला एक दिवस आणि डलहौसीचा बाप

आजचा भाग जरा भटकंतीचा आहे. सप्टेंबरात बायको आणि मी क्यूबेक सिटीत दिवसभर पायी हिंडलो. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, १६०८ साली शाम्प्लँ नावाच्या फ्रेंच माणसानं वसवलेलं हे शहर. आजही दुकानात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर येतो तो 'बाँजूर'. मी गेलो होतो शहर बघायला आणि भेटला कोण, तर डलहौसी. सातारा खालसा करणारा? नाही, त्याचा बाप.

सांगतो, पण क्रमानं.

सकाळी आम्ही कड्यावरच्या लांबलचक लाकडी सज्ज्यावर गेलो. खाली नदी, मागे शातो फ्राँतनाक. त्याचे हिरवे मनोरे बघून वाटतं, हा फ्रेंच गव्हर्नरचा वाडा असणार. प्रत्यक्षात ते रेल्वे कंपनीनं १८९३ मध्ये उघडलेलं हॉटेल! सज्ज्याला डफरिनचं नाव आहे. शहराची तटबंदी पाडायचं घाटत होतं, तेव्हा, म्हणजे १८७० च्या दशकात, या गव्हर्नर जनरलनं ती वाचवली. पुढे १८८४ मध्ये हाच गृहस्थ आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला. सोलापूरकरांनी डफरीन चौक आठवावा.

हॉटेलच्या बाजूलाच एक छोटी बाग आहे आणि तिच्यात एक उंच चौकोनी दगडी स्तंभ. एका बाजूला नाव वुल्फ, दुसऱ्या बाजूला मोंकाल्म. आता हे दोघं कोण, ते बघू.

१७५९ चा उन्हाळा. इंग्रजांच्या तोफा नदीपलीकडून शहर भाजून काढत होत्या. १३ सप्टेंबरला वुल्फचं सैन्य अंधारात कडा चढून वर आलं. फ्रेंच सेनापती मोंकाल्म कुमक यायची वाट न बघता तटाबाहेर पडला आणि मुख्य लढाई अर्ध्या तासाच्या आत आटोपली. वुल्फ मैदानातच गेला, वय ३२. मोंकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे. पाच दिवसांत शहर शरण आलं. याच युद्धात फ्रेंचांनी पाँडिचेरीही घालवली, आणि तीही १७६१ च्या जानेवारीत, पानिपत झालं त्याच आठवड्यात.

म्हणजे जिंकणारा आणि हरणारा, दोघांचा मिळून एकच स्तंभ. लॅटिन मजकुराचा आशय असा, की शौर्यानं दोघांना मरण सारखं दिलं, इतिहासानं कीर्ती सारखी दिली. मी हेलावलो, खोटं कशाला बोलू? मग उभारणाऱ्याचं नाव वाचलं. डलहौसी.

हे नववे अर्ल ऑफ डलहौसी, तेव्हाचे गव्हर्नर. स्तंभाची कोनशिला बसली नोव्हेंबर १८२७ मध्ये. त्याच महिन्यात फ्रेंच बहुमताच्या विधानसभेनं पापिनो या आपल्या नेत्याला सभापती निवडलं, तर या डलहौसींनी ती निवड नाकारली आणि अधिवेशनच गुंडाळलं. मेलेल्या फ्रेंच सेनापतीला मान द्यायला काही खर्च येत नाही हो. जिवंत फ्रेंच पुढाऱ्याला खुर्ची द्यायची म्हटलं की येतो.

आणि यांचा मुलगा? १८४८ मध्ये हिंदुस्थानात आला. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मरण्याआधी दत्तक घेतला होता, तो त्यानं मानला नाही. पुढे नागपूरचीही तीच गत झाली, भोसल्यांच्या जडजवाहिराचा लिलाव झाला. तिथं कुणी स्तंभ उभारल्याचं मला तरी माहीत नाही.

मग क्यूबेकला वेगळी वागणूक का? मला उदारपणापेक्षा गरज दिसते. १७७४ च्या कायद्यानं फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक धर्म राहू दिला, कारण दक्षिणेकडच्या तेरा वसाहती तेव्हा बंडाच्या काठावर होत्या. दीडच वर्षात, १७७५ च्या ३१ डिसेंबरला, अमेरिकन सैन्य याच शहरावर चालून आलं आणि मार खाऊन परतलं.

दुपारी भूक लागली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पंचाईत. पुतिन, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, चीजचे तुकडे आणि वरून गरम रस्सा. पण तो रस्सा बहुतेक मांसाचा. वाटाण्याच्या सूपमध्ये डुक्कर. शेवटी क्रेप खाल्ले. बायको म्हणाली, "हे तर आपलं घावन." वर मेपलचा पाक, तो मात्र काकवीच्या वरताण.

मग जिने उतरून खालच्या पेठेत गेलो. तिथलं १६८८ चं छोटं चर्च तोफांनी जळलं होतं, नंतर पुन्हा बांधलं. भोवतीची फ्रेंच वळणाची घरंसुद्धा बरीचशी १९७० च्या आसपास डागडुजी करून, काही नव्यानं उभारून, इंग्रजांच्या आधीच्या रूपात आणलेली. दोनशे वर्षांनी लोकांनी ठरवून आपला काळ परत मांडला. काही जण याला खोटेपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत.

तिथल्या प्रत्येक गाडीच्या नंबर प्लेटवर लिहिलेलं असतं: 'मला आठवतं'. काय आठवतं, ते लिहिलेलं नाही. रात्री जेवताना मी वाढणाऱ्या मुलीला विचारलंच. ती हसली, "ते ज्याचं त्यानं ठरवायचं, मस्यू," म्हणाली आणि साखरेच्या पायचे दोन तुकडे ठेवून गेली.