मालिश कोणी कोणाची करायची

रोज अंगाला तेल लावावं, त्यातही डोकं, कान आणि पावलं यांना आवर्जून लावावं, असं वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे. अभ्यंगाने शिणवटा जातो, झोप चांगली लागते, कातडी मऊ राहते, हा अनुभव घराघरातला आहे आणि त्यासाठी ग्रंथाची साक्ष लागत नाही. ग्रंथ एका प्रश्नावर मात्र फारसा थांबत नाही, तो म्हणजे चोळणारा हात कोणाचा? आपल्या खेड्यांत त्याचं उत्तर ठरलेलं होतं. डोक्याची चंपी न्हाव्याने करायची, बाळ-बाळंतिणीला तेल सुइणीने लावायचं, मालकाचे पाय गड्याने चेपायचे, सासूचे सुनेने. मालिशीचा सगळा ओघ खालून वर जाणारा होता. ज्याच्या अंगावर हात फिरतो तो मोठा आणि फिरवणारा लहान, हे कोणाला शिकवावंही लागत नव्हतं. वर्धा जिल्ह्याने या ओघाची दिशा उलटी करून दाखवली आणि मालिशीच्या इतिहासात या जिल्ह्याची खरी नोंद त्यासाठीच व्हायला हवी, असं माझं मत आहे.

गांधीजी 1936 च्या एप्रिलअखेर शेगावात राहायला आले. पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्याआधी काही महिने वर्ध्यातच रक्तदाब वाढून ते अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या दिनक्रमात रोजच्या मालिशीला ठरलेली वेळ होती. कुने आणि युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं त्यांनी आफ्रिकेत असतानाच वाचलेली. माती, पाणी, ऊन यांच्या जोडीला मालिश आली ती अशी. आश्रमाला दुसरी जोड तेलाची होती. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो घाणा वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखला गेला. पण या सगळ्याला अर्थ आला तो परचुरे शास्त्रींमुळे. येरवडा तुरुंगातले हे सहबंदी, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने पिडलेले, 1939 साली आश्रमाच्या दारी आले. त्यांना ठेवून घेतलं गेलं, कुटी मिळाली आणि गांधीजी स्वतः त्यांची मालिश करू लागले. त्या काळी कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर काढणं ही रीत होती आणि 1898 चा कायदा त्याला डांबून ठेवायला मुभा देत होता. अशा वेळी एक सत्तरीला आलेला माणूस, ज्याचे पाय चेपायला शेकडो लोक रांगेत उभे राहिले असते, तो खाली बसून त्या बधिर पायांना चोळत होता.

यावर पहिला आक्षेप वैद्यकाचा: मालिशीने कुष्ठरोग बरा होत नाही. अगदी खरं आहे. जंतू हटले ते डॅप्सोनने आणि 1980 च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने, आणि हे स्पष्ट न सांगणं रोग्याशी दगा ठरेल. पण जंतू मेले तरी मेलेली नस जिवंत होत नाही. नस गेलेल्या जागी घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, तळव्याला भेगा जातात, भेगेतून जखम चिघळते. बोटं आखडत जातात. अशा हातापायांना रोज पाण्यात भिजवणं, ओलसर असतानाच तेल जिरवणं आणि बोटं हळूहळू सरळ करणं, हा आजही कुष्ठरुग्णांच्या शुश्रूषेचा भाग आहे. मालिशीकडून एवढंच मागावं, आणि एवढं काही थोडं नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गांधीजी स्वतः तर आश्रमीयांकडून मालिश करून घेत होते. मग ओघ उलटा कुठे फिरला? त्यांच्याभोवती भक्तिभाव होता आणि त्यांच्या अंगाला तेल लावणं हा मान समजला जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ज्या हातांना सेवा मिळत होती तेच हात सर्वांत टाकलेल्या देहाची सेवा करत होते, आणि हे काम जातीने कोणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. एका थोर माणसाची ही कृती प्रतीक म्हणून विरून गेली असती, तर आक्षेप टिकला असता. तिच्याखाली पाया आधीच घातलेला होता. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्येच वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं होतं. परचुरे शास्त्रींची अखेरही तिथेच झाली. दिवाणांच्या त्या कामाचं श्रेय गांधीजी परचुरे शास्त्रींची सेवा करतानाच्या सेवाग्रामच्या प्रसिद्ध छायाचित्राखाली झाकलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं. पुढे गांधी स्मारक निधीतून निघालेली कुष्ठनिवारणाची संस्थाही वर्ध्यालाच राहिली आणि घरोघर जाऊन रोगी शोधण्याची पद्धत तिने रुजवली.

कुष्ठरुग्णाच्या शुश्रूषेत शेवटी मालिश रोग्याच्याच हाती येते. बधिर तळव्याला तेलाचा स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही, रुतलेला काटाही कळत नाही. म्हणून तेल लावण्याआधी तळवा उजेडात धरायचा, भेगा आणि लाली डोळ्यांनी शोधायची, मग अंगठ्याच्या मुळापासून बोटांच्या टोकापर्यंत चोळत जायचं.